दव एकदाच

त्या प्रदेशात पाणी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कधी पिढ्यानपिढ्या ते फिरकत नसे आणि मग त्याची गोष्ट म्हाताऱ्यांची बडबड ठरे. कधी एकाच मुंगीच्या हयातीत ते पुन्हा येई. आलं की ओहोळाच्या दोन्ही अंगांना जे जे उभं असेल ते आडवं करून जाई.

एकटी मुंगी पाण्यात तरत नाही. म्हणून पाणी आलं की वारुळातल्या सगळ्या मुंग्या एकमेकींचे पाय पकडत आणि त्यांची एक मोट बांधली जाई. मधोमध अंडी आणि कोष, भोवती पाय, पायांत पाय, त्यांत आणखी पाय. तळाच्या मुंग्या अंगावरच्या लवेत हवेचे बुडबुडे धरून राहत. दम संपत आला की वर येत आणि वरच्या तळाला जात. अशी मोट तरंगत तरंगत कधी ना कधी कुठल्या तरी काठाला लागे. सुटी राहिली ती गेली. यावरून वारुळाचा पहिला नियम झाला होता आणि तो प्रत्येक लेकराला चालायला येण्याआधी शिकवत: मोटेबाहेर तारण नाही.

पण मोट नुसत्या पायांनी टिकत नाही, ती ओळखीनं टिकते, असंही शिकवत. ओळखीची गोष्ट अशी. पहिलं पाणी आलं तेव्हा मोट बांधायची कला कुणालाच येत नव्हती. सगळ्या एका ढेकळावर जीव मुठीत धरून बसल्या होत्या. काठ समोर दिसत होता आणि मधे धावतं पाणी होतं. तेव्हा त्यांच्यातला एक पुढं झाला. त्यानं मागचे पाय ढेकळात रोवले, अंग ताणलं, काठावरच्या मुळाला जबडा लावला आणि पाण्यावर आडवा झाला. सगळ्या त्याच्या पाठीवरून पलीकडे गेल्या. शेवटची उतरली तेव्हा मूळ त्याच्या जबड्यात होतं, पण तो राहिला नव्हता. त्याचं नाव कुणी घेत नाही. नुसतं ‘तो’ म्हणतात, आणि तेवढ्यानं सगळ्यांना कळतं.

ज्या त्याच्या पाठीवरून गेल्या त्यांच्या अंगाला एक वास राहिला. तो घासून गेला नाही आणि धुऊनही गेला नाही. नंतर जन्मलेल्यांना मात्र तो आपोआप येत नसे, द्यावा लागे. कोषातून लेकरू बाहेर आलं की दवाचा थेंब जबड्यात आणायचा, त्याच्या कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, “ही त्याची.” बस्स, एवढंच. याला ओळख देणं म्हणत. ओळख नसलेला पाय मोटेत आला तर तिथला सांधा निसटतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. आणि ओळख दुसऱ्यांदा देत नसत. दुसऱ्यांदा दव लावणं म्हणजे पहिल्या वेळी तो आलाच नव्हता असं म्हणणं, आणि त्या वारुळात याहून मोठी शिवी नव्हती.

पुढं वारुळात भांडण झालं. कोठारावरच्या काही थोरल्यांनी दव लावण्याआधी साखरेचा कण मागायला सुरुवात केली होती. लाज वाटावी अशीच गोष्ट होती, आणि काहींना ती वाटली. बोलण्यानं बोलणं वाढलं, जबड्याला जबडा लागला, आणि एक मोठा जथा वारूळ सोडून ओहोळापलीकडे दगडांखाली राहायला गेला. जाताना त्यांनी कोठारातलं काही नेलं नाही. वारुळाची लाल माती अंगावर राहू नये म्हणून पायसुद्धा पुसले. नेली फक्त त्याची गोष्ट, आणि दव लावायची रीत. पुढं वारुळातही साखर मागणं बंद झालं. मागणाऱ्या मेल्या, रागावणाऱ्या मेल्या, भांडण तेवढं धडधाकट राहिलं.

वारुळातल्या त्यांना पांगलेल्या म्हणत. पांगलेल्या वारुळातल्यांना मातकट म्हणत. ओहोळापलीकडचं दव म्हणजे नुसतं पाणी, असं दोन्हीकडच्या लेकरांना सारख्याच गंभीर चेहऱ्यानं शिकवलं जाई.

वारुळाच्या दारावर राखणदार असत आणि येणाऱ्या प्रत्येकीला मिशांनी हुंगून आत सोडत. खरं तर त्यांनी ओळख हुंगायची. पण वारुळाची लाल माती उग्र वासाची. तिचा वास आधी येई, आणि तो आला की पुढं हुंगायचे कष्ट कोण घेतंय! हळूहळू मातीचा वास म्हणजेच ओळख, असं दारावर धरून चालू लागलं. यात कुणाची लबाडी नव्हती. रोज तेच काम करणाऱ्यांचं असं होतंच.

रिठी ही अशीच एक राखणदार. तिकडच्या मुंग्यांना ज्या झाडाखाली त्या कोषाबाहेर येत त्या झाडाचं नाव मिळे, आणि ती रिठ्याखाली जन्मली होती. पहाटे दारावरची पाळी संपली की ती दव आणायला ओहोळात उतरे. ओहोळाच्या मधोमध लव्हाळ्याचं एक बेट होतं आणि त्याच्यावर पडणारं दव सगळ्यांत स्वच्छ असे. पलीकडून त्याच दवासाठी हिवरी येई. ती पांगलेल्यांतली. जिभेला धार, पण मनात काही नाही.

“आलीस का गं मातकट?” हिवरी वरच्या पात्यावरून विचारी.

“आले. तुला दगडाखालून उजाडलेलं दिसलं म्हणायचं!”

“तुमच्याकडे म्हणे दव लावायला थोरलीची वाट बघतात. तोवर लेकरू म्हातारं होत असेल.”

“आणि तुमच्याकडे जी सापडेल ती लावते.”

“लावते. का लावू नये? आडवा तो झाला होता, लावणारी थोडीच झाली होती?”

 यावर रिठी थेंब जबड्यात घेई, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटे.

एके सकाळी पातं वाकलं आणि दोघी घसरून एकमेकींवर आदळल्या. मिशा मिशांत अडकल्या. रिठीनं सवयीनं हुंगलं. हिवरीच्या अंगाला माती नव्हतीच, त्यामुळे मातीखाली जे असतं ते आयुष्यात पहिल्यांदा थेट रिठीच्या मिशांना लागलं. तो वास तिला ठाऊक होता. ती कोषाबाहेर आली त्या सकाळी तिच्या स्वतःच्या कपाळाला तो आला होता. रिठी इतकी घाबरली की दव न घेताच परतली.

ती भोकरीकडे गेली. भोकरी थोरल्यांतली थोरली. दव लावण्याचं काम तिच्याकडे आणि तिनं नेमलेल्या काही जणींकडे होतं, आणि मोट बांधायची वेळ आली तर शब्द तिचाच चाले. मागच्या पाण्यात ती तरुण होती. त्या वेळी मोटेचा एक सांधा निसटला आणि अर्धी अंडी वाहून गेली. निसटलेला पाय तिच्याच पायात होता. ती निसटलेली मुंगी बिनओळखीची असणार, असं नंतर सगळ्या म्हणाल्या, आणि भोकरीनं ते मानलं. न मानती तर तिला जगणं अवघड झालं असतं.

“मावशी,” रिठी म्हणाली, “पांगलेल्यांच्या अंगाला त्याचा वास येतो.”

भोकरी म्हणाली, “येत असेल. घरातून नेलेल्या भांड्याला घराचा वास येतोच. म्हणून ते भांडं घर होत नाही.”

“मग पाणी आलं तर त्यांचं काय होणार?”

“हे बघ, त्यांच्या लेकरांचा काही दोष नाही. भांडण काही त्यांनी केलेलं नाही. मी त्यांना कधी वाईटसाईट बोलले, ऐकलंस तू?”

“नाही.”

“पण दोष नसणं वेगळं आणि तरणं वेगळं. दोष नसलेली मुंगीसुद्धा बुडते गं. त्यांनी परत यावं. मोट त्यांचीही आहे. तू बोल त्यांच्याशी, हस, खेळ. पण नियम मोडून पाय देऊ नकोस. एका पायापायी सगळी अंडी जातात. मी पाहिलंय.”

 दुसऱ्या दिवशी रिठीनं दव आणायला दुसरीच वाट धरली. हिवरी त्या सकाळी पात्यावर उगाच थोडा जास्त वेळ थांबली.

पाणी आलं ते भर दुपारी. ऊन होतं, आभाळ निरभ्र होतं, आणि ओहोळाच्या वरच्या अंगाकडून आधी नुसता घरघर असा आवाज आला. मग लव्हाळ्याचं बेट दिसेनासं झालं. मग ओहोळच दिसेनासा झाला.

वारुळात आरडाओरड झाली नाही. शिकवलेलं होतं. अंडी आणि कोष वर आणले गेले, भोकरी त्यांच्याजवळ उभी राहिली आणि तिनं पहिला पाय पकडला. तिचा दुसरीनं, दुसरीचा तिसरीनं. राखणदारांची जागा कडेला आणि तळाला; तिथं येणाऱ्या प्रत्येकीला हुंगून मगच पाय द्यायचा. रिठी कडेला लागली. पाणी वारुळाच्या तोंडाशी आलं, आत शिरलं, आणि मागच्या पाण्यानंतर कणाकणानं उभं केलेलं ते लाल वारूळ बघता बघता विरघळलं. मोट उचलली गेली आणि धारेला लागली.

काही वेळ पाण्याला लाल रंग होता. मुंग्यांच्या अंगावरची माती धुऊन निघत होती. मग तो रंगही गेला.

पळसाचं एक पान गरगरत मोटेजवळ आलं तेव्हा आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. पानावर पांगलेल्या होत्या. त्यांनीही आपली मोट बांधली होती, पण ती लहान. अर्धी पानावर आणि अर्धी पाण्यात. पानाची एक कड बुडली होती. पुढं हिवरी होती.

“रिठी!” ती ओरडली. “पाय दे!”

रिठीचा पाय आपोआप पुढं झाला.

“थांब!” भोकरीचा आवाज वरून आला. रिठीचा पाय तिथंच थांबला. मोटेतल्या सगळ्या अंगांतून एक थरथर गेली. भोकरी अंड्यांपासून हलू शकत नव्हती. तिथूनच ती बोलली. “हिवरी, मी तुम्हाला नाही म्हणत नाही. घेते, सगळ्यांना घेते. पण दव घ्यावं लागेल. आत्ता, इथंच. अशा वेळी दवाऐवजी कुठलंही पाणी चालतं. रिठी लावेल. तुम्ही माना खाली करा आणि या.”

“दव लागलंय आम्हाला.”

“लागलं असेल तर काय बिघडलं? नसेल लागलं तर लागेल. मनाची खात्री होईल.”

“तुमच्या मनाची.”

“हिवरी, पान बुडतंय!”

“दिसतंय मला,” हिवरी म्हणाली. तिच्या मागच्या मुंग्यांत कुणीतरी रडत होतं. “माझ्या आजीनं मला दव लावलं, भोकरीबाई. बाकीच्या अन्न शोधायला गेल्या होत्या, ती एकटीच होती. म्हातारी झाली होती, थेंब जबड्यात धरताना सांडत होता. तरी तो आला. आता मी दुसऱ्यांदा घेतलं तर त्या दिवशी तो आला नव्हता, असं म्हटल्यासारखं होईल. मला बुडायची भीती वाटते. फार वाटते. पण ते माझ्या तोंडून वदवू नका.”

भोकरीला हे उत्तर ठाऊक होतं. वारुळातल्या प्रत्येक लेकराला तिनंच ते शिकवलं होतं, याच शब्दांत.

“रिठी,” ती म्हणाली, “हुंग.”

रिठीनं मिशा लांब केल्या. मधल्या पाण्यावरून वारा येत होता आणि त्या वाऱ्याबरोबर वास आला. तो पात्यावरचाच वास होता. मग सवयीप्रमाणे तिनं शेजारणीला हुंगलं, घरचा वास कसा असतो ते ताडून पाहायला. आणि ती गोंधळली. तिनं पलीकडच्या शेजारणीला हुंगलं, मग खालच्या.

“मावशी, वास आहे.”

“कसला? मातीचा?”

“माती कुणाच्याच अंगावर राहिली नाही, मावशी. तुमच्यासुद्धा. मला... मला वेगळं काही कळत नाही.”

  भोकरीनं कोषांकडे पाहिलं. आत लेकरं होती, काहींची बाहेर यायची वेळ झाली होती, पातळ सालीतून त्यांचे पाय दिसत होते. तिच्या स्वतःच्या पायाला मागच्या पाण्यातला तो निसटता पाय आठवला. तिला हो म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलंही.

पान उलटलं.

भोकरीनं नाही म्हटलं नव्हतं. हो म्हणायला तिला उशीर झाला, एवढंच. पाण्याला त्यात काही फरक पडला नाही. पळसाच्या पानाची पांढुरकी पाठ जरा वेळ दिसली आणि मग तीही मोटेखाली गेली. रिठीचा पाय अजून तसाच पुढं होता, आणि तिला त्या पायाची इतकी लाज वाटली की तो मागं घ्यायचंही सुचेना.

तेवढ्यात तिच्या मागच्या पायाला काहीतरी लागलं.

तो पाय पाण्याखाली होता, मोटेच्या तळाशी. आधी चाचपल्यासारखं झालं, मग पकड बसली, घट्ट. मग त्या पकडीवर वजन आलं, त्या वजनावर आणखी वजन. पाण्याखाली कुणी दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

 रिठीला पाय झटकायला एक क्षण पुरला असता. सांधा निसटणार असेल तर तो इथंच निसटणार होता, तिच्या पायाशी, आणि मग वरची सगळी अंडी, सगळे कोष. भोकरीमावशीनं पाहिलं होतं ते तिला पाहावं लागलं असतं. तिनं डोळे मिटले. आणि पाय वळवून तिनं ती पकड आपल्या पकडीत घेतली.

मोट कडेला किंचित दबली. वरून भोकरीनं विचारलं, “काय झालं? खाली कोण आहे?”

“आपल्याच आहेत, मावशी.”

भोकरीनं पुन्हा विचारलं नाही. ऐकून तिचे खांदे जरासे सैल झाले, असं जवळच्या मुंग्यांना वाटलं. पण त्या दमलेल्या होत्या आणि पाणी सगळ्यांनाच हलवत होतं.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. मोटेत तळाच्या वर येतात आणि वरच्या खाली जातात, तशी अदलाबदल चालू होती. पण खालून आलेल्या जेमतेम दम घेण्यापुरत्या वर येत आणि कुणी पाहायच्या आत पुन्हा खाली जात. त्यांना दिसायचं नव्हतं. आपल्याला पाहून पुन्हा सांध्याचा वाद निघेल आणि वादात कुणाचा तरी पाय सुटेल, ही भीती त्यांना वरच्यांइतकीच होती. रिठी मात्र जागची हलली नाही. तिच्या पायाला कळ लागली, मग पाय बधिर झाला, मग तो पाय आपला आहे हेही तिला कळेनासं झालं. सांधा तेवढा निसटला नाही.

उजाडताना पाणी संथ झालं आणि काठ दिसला. उंच, गवताळ काठ, त्यातून एक मूळ बाहेर लोंबत होतं. पण मोट त्याला लागेना. मधे धार होती. आणि धारेच्या पुढं, काठाच्या वळणापाशी, पाणी गोल गोल फिरत खाली जात होतं. काड्या तिथवर जात, उभ्या राहत आणि नाहीशा होत. मोट त्याच वाटेवर होती.

“काठाकडच्या बाजूला कोण आहे?” भोकरी ओरडली. “पूल करा! लांब व्हा!”

काठाकडच्या बाजूला रिठी होती. आणि ती लांब व्हायच्या आत तिच्या मागच्या पायाची सबंध साखळी धारेनं खालून बाहेर ओढली. ती पाण्यावर उलगडत गेली, एकीच्या पायात दुसरीचा पाय, सगळ्या काळ्या, ओल्या, मातीचा कण अंगावर नसलेल्या. धारेनंच तिचं टोक काठाकडे नेलं. टोकाला हिवरी होती. मूळ डोक्यावर आलं तशी ती उसळली आणि तिनं त्याला जबडा लावला.

साखळी ताणली गेली. मोट थांबली.

सगळ्यांनी पाहिलं. पाण्यावर आडव्या झालेल्या त्या पाठी कुणाच्या आहेत हे कुणी कुणाला सांगायला नको होतं. भोकरीनं साखळी पाहिली, साखळीचं अलीकडचं टोक पाहिलं, रिठीचा पाय पाहिला. रिठीनं तिच्या नजरेला नजर दिली नाही. भोवऱ्याचा आवाज येत होता आणि मूळ करकरत होतं.

भोकरीनं पहिला कोष जबड्यात उचलला. जबड्यात कोष असला की बोलता येत नाही, त्यामुळे ती काही बोलली नाही. ती रिठीच्या पाठीवर चढली आणि तिथून पुढच्या पाठीवर. मग त्याच्या पुढच्या. तिची पावलं हळू पडत होती, आणि प्रत्येक पाठीवर तिच्या मिशा टेकत होत्या. तिच्या मागून बाकीच्या निघाल्या, अंडी घेऊन, कोष घेऊन, मान खाली घालून.

काठावर कोष ठेवून भोकरी वळली. हिवरीच्या डोळ्यांपर्यंत पाणी आलं होतं. मुळावरचा तिचा जबडा केसाकेसानं सरकत होता आणि पुलावरून अजून निम्म्याही आल्या नव्हत्या. भोकरी पुन्हा खाली उतरली, मुळाशी गेली, हिवरीला लागून तिनं आपला जबडा मुळात रोवला आणि मागचे पाय साखळीतल्या पुढच्या मुंगीला दिले. ताण तिच्या अंगावर आला. तिच्या मानेत काहीतरी कटकन वाजलं. मग हिवरीची पकड सुटली आणि दोघी-तिघींनी तिला काठावर ओढून घेतलं.

हिवरी गवतात आडवी पडून धापा टाकत होती. तिच्या शेजारीच भोकरीनं आणलेला तो पहिला कोष होता. रात्रभरच्या हिसक्यांनी त्याची साल फाटली होती. वेळेआधी फाटली होती, कारण आतून जे लेकरू बाहेर आलं ते पांढुरकं होतं, अर्धवट होतं. त्यानं एक पाय हलवला, मग तोही हलेना.

हिवरीनं आजूबाजूला पाहिलं. दव लावणाऱ्या अजून पुलापलीकडे होत्या. येणाऱ्या प्रत्येकीच्या जबड्यात अंडं किंवा कोष होता, आणि ठेवून झालं की त्या दुसरं आणायला उलट धावत होत्या. ओळखीशिवाय गेलेलं लेकरू त्याचं म्हणत नसत. वारुळातही नाही आणि दगडांखालीही नाही. तिनं मुळाकडे पाहिलं. भोकरीचे डोळे तिच्यावरच होते. लेकरू तिलाही दिसत होतं. पण भोकरीच्या जबड्यात मूळ होतं. हो म्हणायला, नाही म्हणायला, नुसती मान हलवायला गेली असती तरी पूल गेला असता. ती नुसती पाहत राहिली.

हिवरी उठली. गवताच्या एका पात्यावर दव होतं. तिनं थेंब जबड्यात घेतला. तिचा जबडा थरथरत होता आणि निम्मा थेंब सांडला. उरलेला तिनं लेकराच्या कपाळाला लावला.

“ही त्याची,” ती म्हणाली.

काही झालं नाही. मग लेकरानं पाय हलवला. मग दुसरा.

सगळ्यात शेवटी रिठी आली. तिनं मोटेचं उरलंसुरलं टोक सोडलं आणि साखळीनंच तिला पाण्यातून ओढून घेतलं. तिचा मागचा पाय ज्या पकडीत होता ती पकड काठावर आल्यावरही सुटेना, दोघींनाही ती सोडवता येईना. शेवटी त्या तशाच बसल्या. भोकरीनं मुळातून जबडा काढला तेव्हा तो लगेच मिटेना.

आता दव लावणाऱ्या आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं रीतीप्रमाणे थेंब जबड्यात आणला आणि ती त्या लेकराजवळ येऊन थांबली. कुणीतरी तिच्या कानाशी लागलं होतं; झालेला प्रकार तिला कळला होता. जबड्यात थेंब असल्यामुळे तिला विचारता येत नव्हतं. ती भोकरीकडे पाहत उभी राहिली. सगळ्याच पाहत होत्या. हिवरी बाजूला झाली होती आणि तिनं मान खाली घातली होती.

भोकरी लंगडत लेकराजवळ आली. तिनं त्याच्या कपाळावर मिशा टेकल्या आणि हुंगलं. तिला घाई नव्हती. लेकरू तिच्या मिशांशी खेळू लागलं.

मग ती वळली आणि त्या मुंगीच्या जबड्यातला थेंब तिनं आपल्या जबड्यात घेतला. लेकराला वळसा घालून ती पुढच्या कोषापाशी गेली. त्याची साल नुकतीच तडकू लागली होती. तिथं ती खाली बसली, मग शेजारी एका मुंगीपुरती जागा सोडून जराशी सरकली, आणि जबड्यात थेंब तसाच धरून हिवरीकडे पाहू लागली.